मेथीच्या डब्यातली चावी

शाळेतल्या बाईंच्या घरात रिव्हॉल्व्हर आहे म्हटलं की ऐकणाऱ्याचा चेहरा बघण्यासारखा व्हायचा. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत जन्मभर बाराखडी आणि पाढे शिकवले. पण आमचे हे फौजेतले. सुभेदार होऊन निवृत्त झाले आणि मग सुप्याच्या एमआयडीसीत एका कारखान्यात सिक्युरिटी ऑफिसर म्हणून लागले. आमचं घर गावात नाही, वस्तीवर, आमच्याच रानात. पुण्याच्या हायवेवरून आत वळलं की कच्चा रस्ता, मग ज्वारीची रानं, मग आम्ही. पलीकडच्या वस्तीवर एकदा दरोडा पडला. म्हातारा-म्हातारीला खाटेला बांधून घातलं आणि अंगावरचं सगळं ओरबाडून नेलं. त्याच आठवड्यात यांनी लायसन्सचा अर्ज केला. मी म्हटलं, त्यापेक्षा कुत्रं पाळू. यांनी कुत्रंही पाळलं आणि अर्जही मागे घेतला नाही.

लायसन्स हातात पडायला बरेच महिने गेले. मग आम्ही दोघं नगरला गेलो. आता अहिल्यानगर म्हणायचं, पण आमच्या एसटीचा कंडक्टर अजून नगरच ओरडतो आणि माझ्याही तोंडात तेच बसलंय. मला खरं तर कापडबाजारात जायचं होतं, पण आधी यांचं दुकान. दुकानदाराने काचेवर कापड अंथरून रिव्हॉल्व्हर ठेवलं. यांनी ते हातात घेतलं, तोललं, गोळ्यांची चक्री बाहेर काढून परत बसवली, आणि मग यांचा अंगठा एका जागी थांबला. घोड्याच्या खाली, बाजूला, बारीकसं भोक होतं.

"हे काय?"

"कुलूप, साहेब. नव्या मॉडेलला आतच बसवून येतंय. ही बघा चावी. फिरवली की घोडा जाम. चाप ओढला तरी काय हलायचं न्हाई."

झालं! यांचा पारा चढला.

"म्हणजे दरोडेखोर दारात आला की मी त्याला सांगायचं, बस बाबा, पाणी घे, मी जरा चावी शोधतो?"

"मग लावूच नका ना साहेब कुलूप. उघडंच ठेवा."

"आणि गोळी उडाल्यावर झटक्याने आपोआप लागलं तर? ऐन वेळेला?"

"असं होत न्हाई, साहेब."

"होत नाही म्हणजे अजून तुमच्या कानावर आलेलं नाही, एवढंच ना? आत जितके पुर्जे जास्त तितकी भानगड जास्त. मला कुलूप नसलेलं दाखवा."

मी आतापर्यंत गप्प होते, कारण नवऱ्याला चार लोकांत बोलू नये एवढं मला कळतं. पण मुलीची दोन पोरं दर सुट्टीत आमच्याकडे यायची, आणि कपाटाच्या कुलपावर माझा विश्वास नव्हता. मी म्हटलं, "कुलूपवालंच घ्या. नाहीतर हे घरात आलं त्या दिवशी मी माहेरी." माझ्या माहेरी तेव्हा कुणीही उरलेलं नव्हतं आणि ते यांना चांगलं ठाऊक होतं. पण दुकानात त्यांनी माझा मान ठेवला.

पुढचे पंधरा दिवस घरात धुसफूस. चहात साखर कमी पडली तरी विषय कुलपाकडे वळायचा. मग एक दिवस काडतुसं आणायची म्हणून हे एकटेच नगरला गेले, रिव्हॉल्व्हर बरोबर घेऊन, आणि परत आले ते खुशीत. माझ्यासाठी भेळ आणली होती. मला समोर बसवून चावी भोकात घातली, फिरवली. टक्. "बघ, लागलं." उलटी फिरवली. टक्. "बघ, उघडलं." मग दोन्ही चाव्या माझ्या हातावर ठेवल्या आणि म्हणाले, "घे. कुलूप तुझं, चावी तुझी. आता तुझं तू बघ."

मी म्हटलं, आला बाबा माणूस ताळ्यावर. चाव्या मेथीच्या डब्यात टाकल्या, कारण मेथीचा वाससुद्धा यांना खपायचा नाही, त्या डब्याला हात लावणं तर लांबच. नातवंडं यायची तेव्हा मी कुलूप लावायची आणि ती गेली की उघडून ठेवायची. एरवी रिव्हॉल्व्हर यांच्या उशाशी, कपाटात, भरलेलं. दर रविवारी सकाळी ओट्यावर वर्तमानपत्र अंथरून हे ते साफ करायचे. गोळ्या काढायच्या, तेल द्यायचं, चार-पाच वेळा रिकामा चाप ओढून बघायचा. तो टक् टक् आवाज मला स्वयंपाकघरात ऐकू यायचा. खंडेनवमीला मी कोयता, खुरपं, विळी यांच्या ओळीत रिव्हॉल्व्हरही मांडायची आणि हे वरून ओरडायचे, "अगं, नळीत कुंकू जाईल!"

निवडणूक लागली की सगळ्यांनी आपापली हत्यारं ठाण्यात जमा करायची असतात. एकदा यांचा गुडघा धरला होता म्हणून मीही बरोबर गेले. तिथं लायसन्सवाल्यांची रांग, बहुतेक मिशीवाले पेन्शनर आणि दोन-चार व्यापारी, आणि विषय एकच, नव्या हत्यारांचं कुलूप. एकजण म्हणत होता, "म्या चावी हिरीत फेकून दिली. न रहे बांस!" दुसऱ्याला भीती, घाम आणि धूळ जाऊन कुलूप आत गंजेल. तिसऱ्या एका म्हाताऱ्या हवालदाराने तर सांगितलं, "आवो, आपल्या हाताचा भरवसा हाय, कंपनीच्या इस्प्रिंगचा न्हाई. येळ आली आन् घोडा उठलाच न्हाई, तर काय हातात धरून आरती करायची का?" सगळे हसले. हे मात्र हसले नाहीत, नुसते मान डोलवत राहिले. मला तेव्हा वाटलं, कुलूप माझ्यासाठी ठेवून घेतलंय, म्हणून बिचारे गप्प आहेत. मला त्यांच्याबद्दल फार माया वाटली.

मग कारखान्यातली नोकरी संपली. निरोप समारंभ झाला, शाल मिळाली, भिंतीवरचं घड्याळ मिळालं. आणि हा माणूस हळूहळू गप्प झाला. तसं म्हटलं तर कारण काहीच नव्हतं. मुलगी पुण्यात सुखात होती, दोघांच्या पेन्शनी होत्या, रानात पाणी होतं. पण हे सकाळी उठून कपडे करून बसायचे, बूटसुद्धा घालायचे, आणि कुठंच जायचे नाहीत. दाढी राहायला लागली. ताटात भाकरी तशीच राहायला लागली. कुत्रं अंगावर उडी मारायचं तर त्याला हातानं बाजूला करायचे, रागाने नाही, नुसतं बाजूला. डॉक्टरकडे जाऊ म्हटलं तर एकच उत्तर, "मला काय झालंय?"

एका बुधवारी दुपारी मी शेजारच्या वस्तीवर हळदीकुंकवाला गेले होते. अर्ध्यातून परत आले, कारण घरात गॅस चालू राहिला असं उगाच मनात आलं. गॅस बंद होता. हे पलंगावर बसले होते आणि रिव्हॉल्व्हर मांडीवर होतं. वर्तमानपत्र अंथरलेलं नव्हतं, तेलाची बाटली नव्हती, फडकं नव्हतं. बुधवार होता.

मी विचारलं, "काय करताय?"

"काही नाही. बघत होतो."

एवढंच बोलणं झालं. त्यांनी ते कपाटात ठेवलं आणि मी चहा टाकला. अर्धं आधण शेगडीवर सांडलं. चाळीस पोरांच्या वर्गात कुणी खडू चोरला हे मी नुसती नजर फिरवून काढायची, आणि माझ्याच घरात मला पुढचा प्रश्न विचारता आला नाही. विचारला आणि उत्तर खरं निघालं तर? मला भीती वाटली, दुसरं काही नाही. हे आंघोळीला गेले तशी मी मेथीच्या डब्यात हात घातला, कपाट उघडलं, नळी भिंतीकडे करून चावी फिरवली. टक्. मग मला श्वास घेता आला.

त्या दिवसापासून रिव्हॉल्व्हर कायम कुलपात. रविवारी पहाटे हे धार काढायला गोठ्यात गेले की मी उघडून ठेवायची, म्हणजे साफ करताना यांना कळायला नको. साफसफाई झाली, हे आंघोळीला गेले, की परत टक्. चाप ओढून खात्री करायची माझी कधी हिंमत झाली नाही. भरलेलं हत्यार, कोण ओढणार! चावी फिरली, आवाज आला, मला तेवढं पुरे होतं. सहा वर्षं मी हे केलं. मुलीला सांगितलं नाही, बहिणीला सांगितलं नाही. उपासतापास सगळे सुटले पण हे चुकलं नाही. लेकीकडे पुण्याला दोन दिवस राहायचं म्हटलं तरी मी रविवारच्या आत परत. लेक चिडायची, "आई, बाबांना काय एक दिवस भाकरी करता येत नाही?" मी म्हणायची, नाही येत.

ग्रामपंचायत असो, विधानसभा असो, आचारसंहिता लागली की रिव्हॉल्व्हर ठाण्यात आणि मी ढाराढूर घोरत झोपायची. निवडणुकीची इतकी वाट बघणारं पुढाऱ्यांनंतर तालुक्यात मी एकटीच असेन.

एकदाच घोटाळा झाला. मला सणकून ताप होता, शनिवारपासून उठता येत नव्हतं. रविवारी जाग आली तेव्हा ऊन पार आत आलं होतं आणि ओट्यावर वर्तमानपत्राचा आवाज येत होता. माझं उघडायचं राहिलं होतं! आता यांना कळणार, विचारणार, आणि मी काय सांगणार? अंथरुणात मी नुसती घामाने भिजले. आणि बाहेरून आवाज आला, टक् टक् टक्, नेहमीसारखा. मी म्हटलं, पहाटे तापाच्या भरात उठून उघडलं असेल आपणच. वय झालं बाई तुझं. पुढे मी त्याचा विचारही केला नाही.

आणि हळूहळू हे बरे झाले. कसे, ते मला सांगता येणार नाही. एका सकाळी बूट घातले आणि खरंच बाहेर गेले. बांधावर खड्डे घ्यायला लागले. सीताफळाची रोपं आणली, दीडशे. त्यांना पाणी, त्यांना आळी, त्यांच्याशी गप्पा. दाढी करायला लागले, आमटीत मीठ जास्त झालं म्हणून भांडायला लागले. मला तर ते भांडण ऐकून रडूच आलं. मनातल्या मनात मी स्वतःच्या पाठीवर थाप दिली. मी राखलं यांना. डॉक्टर नाही, औषध नाही, मी आणि मेथीचा डबा.

मागच्या फाल्गुनात हे त्याच सीताफळांत गेले. ठिबकची नळी हातात होती. हार्ट अटॅक, डॉक्टर म्हणाले, त्रास झाला नसेल. भेटायला आलेल्या बायका म्हणायच्या, "बाई, लई जपलं हो तुमी त्यान्ला." मी मान हलवायची. त्यांना वाटायचं मी पथ्यपाण्याचं समजतेय.

आता घरात मी आणि कुत्रं. लेक रोज व्हिडिओ कॉल करते आणि मी कॅमेऱ्यासमोर हसते. सुप्याच्या कंपन्यांच्या बस लांबून हायवेने जाताना दिसतात. एका माणसाची आमटी करायला मला अजून जमत नाही, ती उरते आणि मग कुत्रं नि मी दोन दिवस तीच खातो. रविवारी पहाटे मात्र डोळे आपोआप उघडतात. यांच्यामागेही मी कुलूप कधी काढलं नाही. कशाला काढायचं?

माणूस गेला की लायसन्स गेलं. ठाण्यातून सांगून गेले की हत्यार दुकानात जमा करा, नाहीतर वारस म्हणून तुम्ही अर्ज करा. लेक म्हणाली, जमा कर आणि पुण्याला ये. जमा करते म्हटलं, पुण्याचं बघू. ठाण्याचं पत्र घेतलं, त्यांच्याच माणसाने गोळ्या काढून वेगळ्या पाकिटात घातल्या. रिव्हॉल्व्हर डब्यात, डबा पिशवीत, वर एक जुनी साडी, आणि एक चावी पर्समध्ये. अशी मी एसटीने नगरला गेले. शेजारी बसलेल्या बाईने विचारलं, "माहेरी चाललात का?"

दुकानदार कलेक्टर कचेरीत गेला होता. आत फक्त त्याचे म्हातारे मिस्त्री होते, जाड चष्मा, पांढरी दाढी, नखांत तेल. पत्र बघितलं आणि हळहळले. "साहेब गेले? अरे अल्ला. भले माणूस, भाभी." डबा उघडला, रिव्हॉल्व्हर सवयीने जमिनीकडे धरलं, चक्री रिकामी आहे ना बघितलं.

मी म्हटलं, "थांबा मिस्त्री, त्याला कुलूप आहे. चावी देते."

तोवर त्यांनी चाप ओढला होता. टक्.

मी म्हटलं, "अगं बाई, उघडं राहिलं वाटतं." मला फार अपराधी वाटलं. मी ते त्यांच्या हातातून घेतलं, स्वतःच्या हाताने चावी फिरवली, आवाज ऐकला, परत दिलं. "आता बघा. आता लागलं."

त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग रिव्हॉल्व्हरकडे. आणि पुन्हा चाप ओढला. टक्. घोडा उठला आणि पडला.

"भाभी, साहेबांनी तुम्हाला सांगितलं न्हाई?"

"काय?"

"ह्याच्यात कुलूपच न्हाई. घेतल्यावर पंधरा दिवसांत ते आले हुते. मला म्हणाले, मिस्त्री, माझा ह्याच्यावर भरवसा न्हाई, आतला अडसर काढून टाक. मी म्हटलं, मग भोक बुजवून देतो. तर म्हणाले, न्हाई न्हाई, चावी फिरली पाहिजे, आवाज आला पाहिजे. घरी बाई आहेत, त्यांना झोप लागली पाहिजे." मिस्त्री हसले. "ह्या बाकावर बसून करून घेतलं. आणि जाताना विचारलं, इथं भेळ चांगली कुठं मिळते."

मी पावती घेतली, सही केली, मिस्त्रींना नमस्कारही केला असेल. बाहेर आले तर ऊन मी म्हणत होतं. पहिला आला तो राग. खोटारडा! मला वेडी बनवलं, भेळ खाऊ घालून वेडी बनवलं! रस्त्यावर मी मोठ्याने बोलले असेन, कारण एक रिक्षावाला थांबला आणि म्हणाला, "कुठं सोडू, मावशी?"

एसटीत खिडकीशी जागा मिळाली. गावं मागे पडत होती आणि राग उतरत गेला, तसं मला ते सगळं उलटं दिसायला लागलं. तो बुधवार. त्यानंतरचे सगळे गुरुवार, शुक्रवार. सहा वर्षं ते हत्यार उघडं होतं. यांच्या उशाशी, भरलेलं, आणि उघडं आहे हे यांना माहीत होतं. मी शेजारी चावी लपवल्याच्या समाधानात झोपत होते, आणि हा माणूस रोज त्या कपाटाशेजारी उठत होता आणि रोज ते तिथंच ठेवून बूट घालत होता. मी राखलं नव्हतं. ते स्वतःचे स्वतः राहिले होते. कुणाच्याही आधाराशिवाय, मी वीतभर अंतरावर असताना. मला चावी सुचली. जवळ बसून हात धरायचं मला सुचलं नाही. माझा जीव इतका कळवळला की सुपा येऊन गेल्याचंही कळलं नाही, पुढच्या स्टॉपवर उतरून परत यावं लागलं.

घरी आले. कुत्रं पायात घोटाळलं. मेथीच्या डब्यात दुसरी चावी होती, ती मी काढली नाही. यांच्या पलंगासमोर खुर्ची ओढली आणि बसले. मग सहा वर्षांपूर्वी विचारायचं ते विचारलं.

"अहो, त्या बुधवारी काय झालं होतं? सांगा मला. मी कुठंही जात नाही."

आणि ऐकत बसले.